मागाच्या खड्ड्यातली माय

माय मागाच्या खड्ड्यात मुडपून पडली होती आणि बाबा तिच्यावर पाय सोडून लुगडं विणत होते. दारात कमेटीचा माणूस उभा होता. कमेटी म्हणजे महानगरपालिका. आमच्या वेळची माणसं कमेटीच म्हणत. गल्लीच्या तोंडाशी हैज्याचे, म्हणजे कॉलराचे, रोगी उचलून नेणारी गाडी थांबलेली होती आणि मोठी माय, म्हणजे माझी चुलती, उंबरठा अडवून त्या माणसाला सांगत होती की या घरात सगळे ठणठणीत आहेत. ज्यांनी हातमाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. खोलीच्या जमिनीत मांडीइतका खोल खड्डा खणलेला असतो. विणणारा काठावर बसतो, पाय आत सोडतो आणि खालच्या पावड्या दाबतो. त्यात माणूस लपवता येतो हे आम्हालाही त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. माय काही लपवण्याजोगी बाई नव्हती, चांगली उंच आणि हाडानं मोठी होती. पण आदल्या दिवसापासून हगून आणि ओकून ती इतकी आटली होती की दोघांनी उचलून तिला खड्ड्यात ठेवली, वर ताण्याच्या सुताखाली फाटकी चादर टाकली, तरी बाबांच्या पायांना जागा उरली.

घरातला वास मारायला मोठ्या मायनं निखाऱ्यावर भिवापुरी मिरच्या टाकल्या होत्या. सगळे खोकत होतो. कमेटीचा माणूस रुमालातून बोलत होता.

"घरात कोणाले जुलाब, ओकारी?"

"नाही जी."

"तुमची पोरगी गेली म्हणते ना गल्ली."

"ते तापानं गेली."

"अन् तिची माय कुठे आहे?"

"माहेरी गेली. भिवापूरले."

"पोरगी मेल्यावर माहेरी?"

"मंग कुठे जाईन? सासरी त ते होतीच."

त्या माणसानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान वर केली नाही. धोटा इकडून तिकडे जात होता, खट् खटाक, खट् खटाक, पण पावडी पुरती दबत नव्हती, कारण पावडीखाली माय होती. त्यामुळे विणीत धागे चुकत चालले होते. विणकामातलं कळणारा कोणी असता तर त्याला आवाजावरूनच कळलं असतं की हा माणूस विणत नाही, नुसते हात हलवतो आहे. कमेटीच्या माणसाला लुगड्यातलं काही कळत नव्हतं. मिरच्यांनी त्याचे डोळे भरून आले आणि तो पुढच्या दाराला गेला.

बाबांनी धोटा ठेवला आणि म्हणाले, "इचे पाय ठंडे पडले." त्यांना ते त्यांच्या पायांनी कळलं होतं. माय बाहेर काढली तेव्हा तिचे डोळे अर्धे उघडे होते आणि खोल गेलेले होते, ओठ मातीच्या रंगाचे. मोठ्या मायनं नाकाशी हात धरला आणि म्हणाली, "आहे अजून." बाबांनी मायच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती उभीच राहिली. खाली बसलीच नाही. बाबा कितीतरी वेळ त्या चिमटीच्या जागेकडे पाहत बसले.

आता घर कसं होतं ते सांगते. नागपुरात इतवारीच्या बाजाराच्या मागच्या अंगाला विणकरांची गल्ली होती, दोन्ही बाजूंनी घरं, आणि प्रत्येक घरात माग. सकाळी झाडूचा आवाज संपला की मागांचा सुरू व्हायचा, तो दिवे लागेपर्यंत. मला अजूनही कुठे फार शांत असलं की बरं वाटत नाही. मुलानं विमानतळाच्या पलीकडे, मिहानच्या बाजूला घर घेतलं तेव्हा सगळे म्हणाले, किती शांत आहे. मी म्हटलं, हो, कोणी मेल्यासारखं. आमच्या घरात एकच मोठी खोली होती, तिच्या अर्ध्या भागात माग आणि अर्ध्यात आम्ही. पाहुणा आला तर तो आमच्या भागात बसायचा; मागाची जागा मागाचीच. माझं शिक्षण चौथीत थांबलं आणि मला रहाटावर सुताच्या कांड्या भरायला बसवलं. रडले वगैरे नाही. शाळेपेक्षा कांड्या बऱ्या, असं मला तेव्हा वाटायचं आणि मास्तर आठवले की अजूनही वाटतं.

घरात चालायचं ते मोठ्या मायचं. ती बाबांच्या मोठ्या भावाची बायको, लग्न होऊन आली तेव्हा बाबा कमरेला करगोटा बांधून फिरत होते. त्यांची माय लवकर गेलेली, म्हणून त्यांना न्हाऊ-जेवू घालणं सगळं हिनंच केलं. ती त्यांना बापू म्हणायची. बाबा मोठे झाले, माझे बाप झाले, तरी ती म्हणेल ते ऐकायचे. भाकरी ती थापायची, चून, म्हणजे पिठलं, तेही तिच्याच हातचं, आणि कोणाला किती वाढायचं हे ती ठरवायची. माय तिच्या हाताखाली. मोठ्या मायला बोट दाखवायला जागा नव्हती. घर झाडून लख्ख असायचं. आणि दुखण्यातलं तिला सगळं कळतं असं गल्लीत मानत, कारण तिनं पुष्कळ मरणं पाहिली होती.

दुखण्यात तिचा एक नियम होता. पोट वाहायला लागलं की पाणी तोडायचं. म्हणजे रोग्याला पाण्याचा थेंब द्यायचा नाही. "भोकाच्या गाडग्यात पाणी भरतं का कोणी?" ती म्हणायची. हा नियम तिनं शोधलेला नव्हता, गल्लीत सगळ्यांचाच होता, ती फक्त तो नीट पाळायची. त्या उन्हाळ्यात नळ कोरडा पडला आणि आम्ही सगळे सार्वजनिक विहिरीचं पाणी प्यायला लागलो. त्याच विहिरीच्या ओट्यावर सूत धुवायचे आणि मुलांची दुपटीही. पहिली आमच्या घरात लीला पडली, माझी धाकटी बहीण. तांदळाच्या धुवणासारखं पाणी तिच्या अंगातून जात होतं आणि ती पाणी मागत होती. मोठी माय रांजणाला पाठ लावून बसली. ओल्या फडक्यानं लीलाचे ओठ पुसायची, ते फडकं लीला चोखायला पाहायची, मग तेही तिनं काढून घेतलं. संध्याकाळ व्हायच्या आत लीला गेली. मोठी माय रात्रंदिवस त्या पोरीला कडेवर घेऊन फिरलेली बाई. तिनं तिला न्हाऊ घातलं, गुंडाळलं, आणि मग घराच्या मागं जाऊन ओट्याच्या दगडावर कपाळ आपटून घेतलं. लीलाचे भरलेले कपडे मायनं विहिरीवर नेऊन धुतले. दुसऱ्या दिवशी माय पडली.

आता माझ्या नातीचं सांगते, कारण हे प्रकरण मी तिच्यामुळेच लिहायला घेतलं. रुचा तिचं नाव. ती प्रयोगशाळेत काम करते. आतड्यात रोग करणारे जंतू माणसाच्या पेशींतल्या प्रथिनांशी काय उद्योग करतात, हे पाहायचं तिचं काम. तिला पाहायला पाहुणे आले होते, त्यांनी मुलगी काय करते विचारलं, तर मी म्हटलं हगवणीवर काम करते. त्यांनी पोह्यांच्या बशा खाली ठेवल्या. सून माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. पण मी खोटं काय सांगितलं?

रुचा स्वयंपाकघरात बसून मला सांगते आणि मी तिला सोडत नाही, कळेपर्यंत पुन्हा विचारते. चुकीचं लिहिलं असेल तर ती चूक माझी समजा. ती म्हणाली, "आजी, कॉलराचा जंतू पेशीच्या आत शिरतच नाही. आतड्याच्या अस्तराला बाहेरून चिकटून बसतो आणि विष सोडतो."

"विष म्हणजे काय, मोरचुदासारखं?"

"नाही, तेही एक प्रथिनच. त्याचा एक भाग पेशीला बाहेरून धरतो, दुसरा आत जातो. आत गेला की तो बिघडलेल्या प्रथिनाचं सोंग घेतो. पेशीत बिघडलेला माल बाहेर टाकायची सोय असते ना, ती माणसं त्याला उचलतात आणि नेमकं त्याला जिथे जायचं असतं तिथे नेऊन टाकतात."

"माणसं?"

"पेशीची प्रथिनं गं. तिथे आणखी एक प्रथिन असतं, बटणासारखं. चालू होतं, काम झालं की आपलं आपण बंद होतं. हे विष त्याला असं काही करून ठेवतं की ते बंदच होऊ शकत नाही. मग पेशीचं एक दार उघडंच राहतं. त्यातून मीठ बाहेर जातं आणि मिठामागं पाणी. अंगातलं सगळं."

"म्हणजे पेशी मरते."

"तीच तर गंमत आहे. मरत नाही. चांगली धडधाकट असते. वरून हुकूम आलाय असं समजून काम करत राहते."

"सरकारी नोकर आहे म्हणजे," मी म्हटलं. रुचाला हसू आलं. मला नाही आलं, मी मायची कातडी आठवत होते.

तर त्या सकाळी बाबा मायच्या हाताकडे पाहत बसले होते, ते उठले आणि चुलीकडे गेले. पुरुष चुलीकडे गेला हेच आमच्या घरात नवल. त्यांनी कण्यांचा डबा काढला. मोठी माय म्हणाली, "काय करून राहिला बापू?"

"खळ शिजवतो."

इथे खळीचं सांगायला हवं. कच्चं सूत मागावर चढवता येत नाही, ते झिजतं आणि तुटतं. म्हणून तांदळाच्या कण्या फुटेपर्यंत शिजवून, गाळून, पातळ पेज करायची आणि ताणलेल्या सुताला कुंच्यानं लावायची. सूत ती पितं, मग त्याच्या अंगात जोर येतो. ही खळ. नागपूरचा उन्हाळा इतका कोरडा की खळ दिलेलं सूतही तडतडतं, म्हणून त्या दिवसांत बाबा तिच्यात मिठाचे खडे टाकायचे, म्हणजे सूत थोडं ओल धरून राहतं. बुरशी धरू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. त्या मोरचुदापायी आम्ही मुलींनी खळीचं बोट चाटलं की मार बसायचा. बाबांना दुसरं काही येत नव्हतं. हिशेब येत नव्हता, देवाधर्माचं येत नव्हतं, भांडणही धड येत नव्हतं. सूत मात्र यायचं.

"खळ कशाले? आज का विणाचं आहे?"

"इच्यासाठी. इचं सूत कोरडं पडलं. हात लावून पाहा. सुरकुती बसत नाही. कच्च्या सुताची लड अशीच लागते हाताले."

मोठ्या मायला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती म्हणाली, "लुगडं आहे का ते बापू? बायको आहे तुही."

"लुगड्याले इतकं पाहतो मी, त बायकोले नको पाहू?"

"पाणी तोडलं आहे तिचं. पोट वाहून राहिलं अन् तू वरून वतशीन?"

"पाणी नाही वतत. खळ देतो."

हा त्यांचा सगळा विचार. याच्यापुढे त्यांच्या डोक्यात काही नव्हतं, हे मी खात्रीनं सांगते, कारण पुढे आयुष्यभर ते हेच सांगत राहिले. जंतू असतात यावर त्यांचा कधी विश्वास बसला नाही. त्यांनी जेवणाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, कण्या शिजवल्या, धोतराच्या तुकड्यानं पेज गाळली, मिठाचे खडे टाकले, बोटावर घेऊन चाखली आणि आणखी एक खडा टाकला. मोरचूद टाकलं नाही, एवढी अक्कल त्यांना होती. शेजारची गंगाबाई दारातून डोकावत होती. मिरच्यांच्या ठसक्यानं ती आली होती आणि आता हलायला तयार नव्हती.

"काहून गा," ती म्हणाली, "खळ देऊन, घडी घालून, इतवारीत नेतं का बायकोले?"

"नेईन तिकडे," बाबा म्हणाले. "तू बाजूले हो, उजेड येऊ दे."

मोठी माय उठून मायच्या आणि त्यांच्यामध्ये उभी राहिली. बाबांच्या एका हातात वाटी, एका हातात पळी. मी रहाटापाशी होते. मोठी माय म्हणाली, "म्या तुले वाढवलं."

"हो."

"माह्या शब्दाच्या बाहेर गेला का कधी?"

"नाही."

"मंग आज काहून?"

बाबांनी वाटी खाली ठेवली, मोठ्या मायच्या दोन्ही दंडांना धरून तिला उचलली, सुताचं गाठोडं बाजूला ठेवतात तशी भिंतीशी ठेवली, आणि परत येऊन वाटी उचलली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी तिला हात लावला होता. ती तिथेच, त्यांनी ठेवली तशी उभी राहिली. मग दाराकडे तोंड करून बसली.

पहिली पळी मायनं ओकून टाकली. दुसरीही. गंगाबाई म्हणाली, "घ्या." बाबा म्हणाले, "सूत पहिला हात झटकतेच. दुसऱ्या हाताले धरते." आणि ते थोडं थांबून पुन्हा द्यायला लागले, थोडी थोडी, ओठांच्या कोपऱ्यातून. एकदम भसकन ओतली की खळीच्या गाठी बसतात, म्हणून ते हळूहळू देत होते. सुताशी ते असंच वागायचे, घाई म्हणून नाही. खालून मायचं वाहणं चालूच होतं. मी खालचं फडकं बदलत होते, ते मागच्या अंगणात राखेत टाकत होते. बाबा जेवले नाहीत. गंज रिकामा झाला की मला म्हणायचे, "कमले, कण्या टाक," आणि मी टाकायची. दुपारभर गल्लीतले माग चालू होते आणि आमचा एकटा बंद.

रुचाला मी हे सांगितलं तेव्हा तिनं कागद घेतला आणि चित्र काढून दाखवलं. आतड्याच्या पेशीला दुसरंही एक दार असतं, तेही प्रथिनाचंच. हे दार साखर आणि मीठ जोडीनं आले तरच आत घेतं. एकट्याला घेत नाही. जोडी आत आली की पाणीही आत येतं. आणि कॉलराचं विष या दाराला हातच लावत नाही. पहिलं दार उघडं टाकून ते मोकळं होतं. तांदळाच्या पिठाची पोटात गेल्यावर साखर होते, आणि मीठ बाबांनी टाकलेलं होतं. शिवाय पेज उकळलेली, म्हणजे तिच्यात नवा जंतू नव्हता. नुसतं पाणी दिलं असतं तर इतकं लागू पडलं नसतं, आणि नुसतं मीठ-पाणीही नाही. आता दवाखान्यात पुडी मिळते ती हीच.

"म्हणजे तुझ्या पणजोबाला कळत होतं," सून रुचाला म्हणाली. तिला घराण्याचा मोठेपणा काढायला आवडतो.

"काही कळत नव्हतं," मी म्हटलं. "त्यांना वाटलं बायको सुताची आहे."

"कारण चूक, औषध बरोबर," रुचा म्हणाली. आणि मग तिनं हेही सांगितलं की मायला त्या गाडीत घालून दवाखान्यात नेली असती तर शिरेतून सलाईन दिलं असतं आणि ते जास्त खात्रीचं होतं. खड्ड्यात लपवणं हा मूर्खपणा होता. हे मला पटतं. गाडीतून गेलेला परत येत नाही असं गल्लीत म्हणायचे, पण त्या उन्हाळ्यात गंगाबाईचा दीर गाडीतून गेला आणि परत आला, पुढे कितीतरी वर्षं पानठेला चालवत होता. गेलेले आठवत, परत आलेले कोणी धरत नसे.

दिवेलागणीला मायच्या डोळ्यांत थोडं पाणी दिसलं. वाहणं कमी झालं नव्हतं, पण ओकारी थांबली होती आणि पळी पुढे केली की ती आपण होऊन ओठ उघडत होती. सकाळी ती बोलली. पहिला शब्द तिनं काय काढावा? "कोणं रांधलं हे? मिठाचं काही कळते का?" बाबा म्हणाले, "म्या रांधलं." माय म्हणाली, "दिसतेच ते," आणि पुन्हा डोळे मिटले. मग उन्हं वर आल्यावर तिनं मला खूण केली. मी घमेलं आणलं. माय मुतली. आदल्या सबंध दिवसात ते झालं नव्हतं. हे लिहू नये असं सून म्हणते, पण त्या घरात त्या वेळी याहून मोठी बातमी नव्हती. बाबा गल्लीत जाऊन उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "मुतली!" समोरच्या ओट्यावरून गंगाबाई म्हणाली, "आता डवंडी पिटतं का गा? लाज आहे का काही?" पण पदर डोळ्यांना लावून हसत होती.

या सगळ्या गडबडीत मोठी माय मागच्या अंगणात किती वेळा गेली, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. ती आवाज न करता आजारी पडली. मी राख आणायला मागं गेले तर ती भिंतीला टेकून बसली होती, लुगडं ओलं, आणि मला म्हणाली, "बापूले नको सांगू." मी लगेच सांगितलं. बाबांनी तिला उचलून आत आणली, मायच्या शेजारी निजवली आणि गंजातली उरलेली पेज वाटीत घेऊन तिच्यापाशी बसले.

"घे वैनी."

तिनं तोंड भिंतीकडे केलं.

"इनंच ते वाचली. पाहून राहिली ना तू?"

"पाहून राहिली. आंधळी नाही म्या."

"मंग पी."

तिचा आवाज आधीच बसायला लागला होता, त्या दुखण्यात बसतो. मग म्हणाली, "तुह्या भावाले हेच झालतं. तू लहान होता, तुले आठवत नसंन. हात जोडून पाणी मांगे तो मले. हात जोडून. म्या रांजणाले पाठ लावून बसली. लीलीले बी म्याच नाही देल्लं." तिला धाप लागली. "आता म्या पेऊ अन् उठून बसू? अन् उठून बसली त मंग त्यायचं काय करू म्या, बापू? सांग ना. काय करू?"

"ते मले नाही सांगता येत," बाबा म्हणाले. "तू पी."

तिनं दात आवळले. बाबांनी पळी ओठांना लावली, पेज गालावरून कानाकडे ओघळली, तिनं पदरानं पुसली. पुन्हा लावली, पुन्हा पुसली. माय शेजारून उठता येत नव्हतं तरी हात लांब करून म्हणाली, "बाई, घ्या ना वं. माह्यासाठी घ्या." मोठ्या मायनं तो हात धरून ठेवला, पण तोंड उघडलं नाही. बाबांनी मला पळी दिली आणि ते चपला न घालता गाडी शोधायला पळाले. ज्या गाडीपासून आदल्या सकाळी बायको लपवली तिच्या मागं ते भर उन्हात इतवारीभर फिरत होते. मी पळी धरून बसले. ती मला म्हणाली, "जाय, कांड्या भर." मी गेले नाही. तिनं दातही उघडले नाहीत.

गाडी आली तेव्हा दुपार टळत होती. तोच कमेटीचा माणूस होता. त्यानं मोठ्या मायचा हात पाहिला, डोळा उघडून पाहिला, "गेली" म्हणाला आणि रुमाल काढून स्वतःचा घाम पुसला. मग त्याची नजर मायकडे गेली.

"भिवापूरची आली का?" त्यानं विचारलं.

"आली," मी म्हटलं.

त्यानं आम्हा सगळ्यांना सुई टोचली, विहिरीत पांढरी भुकटी टाकायला माणूस पाठवला. मायला दवाखान्यात चला म्हणाला, बाबांनी लगेच हो म्हटलं, आणि ती त्या गाडीत बसून गेली आणि काही दिवसांनी पायी चालत परत आली.

आमच्या घरात तेव्हा पाच माणसं होती. लीला गेली आणि मोठी माय गेली. माय, बाबा आणि मी वाचलो.